बॉनेटवरची पांढरी वर्तुळे

शनिवार, ३ डिसेंबर १९८३. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. ठिकाण तळवली. वारा पूर्वेकडून, अगदी मंद. बोरिंगच्या पाण्याचा सामू साडेसात. बॉनेटवरच्या दवाचा सामू चार.

निळ्या पुठ्ठ्याच्या वहीतली ही पहिली नोंद. तेव्हा मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि जगातली कोणतीही गोष्ट नीट मोजली की तिची भीती वाटेनाशी होते, अशी माझी ठाम समजूत होती. सामू म्हणजे द्रवाच्या आंबटपणाचे माप. सात हा मध्य. त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. एका आकड्याने सामू उतरला की आंबटपणा दहापट वाढतो. साडेसातवरून चार म्हणजे तीन हजारपटीहून अधिक. हे गणित मी त्या सकाळी गाडीपाशी उभ्या उभ्याच केले आणि ते मला चुकलेले वाटले, म्हणून पुन्हा केले.

यंदा पुन्हा डिसेंबर उजाडला आहे. आता आम्ही वाशीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी नवी छोटी गाडी घेतली आहे आणि रविवारी सकाळी ते ती स्वतः धुतात. परवा त्यांनी काचा पुसायला व्हिनेगर आणले होते. तो वास जिन्यातून वर आला तेव्हा मी शोधनिबंधाचा तक्ता तपासत बसले होते. हातातली पेन्सिल थांबली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, की खिडकी लाव. तिने कारण सांगितले नाही, मी विचारले नाही. बाबा पहिल्या पाळीला गेले होते.

त्या वर्षी बाबा ड्रायव्हर होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यातल्या मोठ्या साहेबांची काळी अँबॅसिडर ते चालवत. साहेब ठाण्याला राहत आणि त्यांच्या इमारतीत गाडीला जागा नव्हती. संध्याकाळी त्यांना घरी सोडून बाबा गाडी तळवलीला आणत आणि सकाळी साडेसातला ती पुन्हा त्यांच्या दारात उभी करत. नोकरी सहा महिन्यांच्या कागदावर होती. असे तीन कागद संपून चौथा चालू होता. मार्चपर्यंत कायम होणाऱ्यांची यादी लागणार, असे कारखान्यात सगळे बोलत होते. बाबा महाडजवळच्या खेड्यातून मुंबईला आले तेव्हापासून त्यांनी नाना कामे केली होती. ‘कायम’ हा शब्द मात्र त्यांच्या नावापुढे कधीच लागला नव्हता. तो लागला तर मी एम.एस्सी. करणार, नाही लागला तर नोकरी धरणार, हे घरात कोणी मोठ्याने न बोलता ठरलेले होते.

गाडी चकचकीत ठेवणे हे ड्रायव्हरचे काम, आणि त्यासाठी लागणारे सामान त्याने आपले आपण आणायचे, अशी रीत होती. पंपावर धुऊन घेणे परवडणारे नव्हते. मग आमच्या दोन खोल्यांतले निम्मे फडताळ गाडीच्या सेवेला लागले. रिठे रात्री भिजत पडत. सकाळी ते कुस्करून निघणाऱ्या फेसाने रंगाची कातडी दुखावत नाही, हे माझे संशोधन. दिव्यांच्या काचा आणि कडेच्या चंदेरी पट्ट्या दातांच्या पांढऱ्या पावडरीने उजळत. रस्त्याच्या डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने सुटत. पायांखालच्या गाद्यांवर खाण्याचा सोडा भुरभुरून झटकला की आतला कोंदट वास जाई. रबराला खोबरेल, टायरांनाही थेंबभर. समोरच्या काचेवर कापलेला बटाटा चोळला की धुके धरत नाही, हे बाबांना एका ट्रकवाल्याने सांगितले होते आणि ते खरे निघाले. शेवटचा हात वर्तमानपत्राच्या बोळ्याचा. शाईचा काळा रंग माझ्या बोटांना लागे आणि तशीच मी कॉलेजच्या बसमध्ये चढत असे.

धुण्याचे काम मी आपणहून घेतले होते. बाबांना पहाटे अर्धा तास जास्त झोप मिळावी हे एक कारण. दुसरे थोडे स्वार्थी होते: घरातल्या वस्तू आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्या यांच्यामध्ये एकच शास्त्र आहे, हे मला स्वतःला सिद्ध करून दाखवायचे होते. रिठ्यातले सॅपोनिन, सोड्याचे बायकार्बोनेट, पावडरीतला खडू. आईच्या फडताळाला मी मनात लेबले चिकटवली होती. आई म्हणे, तुझे ते इंग्रजी झाले की बरणीचे झाकण घट्ट लाव.

साहेबांची एक सवय होती. गाडीत बसण्याआधी ते बॉनेटवर किंचित वाकून त्यातल्या प्रतिबिंबात टाय सरळ करत. बाबा हे सांगताना हसत, पण त्या हसण्यात एक अभिमान असे. आरशासारखे बॉनेट म्हणजे त्यांचे प्रमाणपत्र होते.

नोव्हेंबरात त्या आरशावर पांढरी वर्तुळे उमटू लागली. पावलीएवढी, कडेला गडद, मध्ये फिकट. रिठ्याने ती जात नव्हती. मी विचार केला तो असा: आमच्या बोरिंगचे पाणी खाडीजवळचे, जड, त्याचा थेंब वाळला की क्षाराचे वर्तुळ राहते, तो क्षार म्हणजे चुन्याचाच भाऊ, चुन्यावर उपाय आम्ल. पायरीला पायरी लागत होती. पुस्तकात अशा ठिकाणी एक चाचणी सांगितलेली असते: डागावर आम्लाचा थेंब टाकावा, बुडबुडे आले तरच तो चुना. दहा सेकंदांचे काम. मी ते केले नाही. मला खात्री होती.

आधी व्हिनेगर वापरले. बाटली संपली तेव्हा आई तांब्या-पितळेला लावते ती चिंच कोळून घेतली. फडक्याने बॉनेटवर चिंचेचे पाणी फिरवायचे, पाच मिनिटे थांबायचे, मग धुवायचे. वर्तुळे फिकट झाली. मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी नवी आली, मी पुन्हा चिंच लावली. तीन आठवडे, रोज. बॉनेटवर उताराच्या पुढच्या भागात, जिथे साहेब वाकत तिथे, मी ती जास्त वेळ ठेवत असे.

आमची घरमालकीण हिराबाय कठड्यावर बसून हे बघत असायची. तिची शेते कारखान्यांच्या जागेत गेली होती, त्याबदल्यात तिचे दोन्ही मुलगे कारखान्यांत लागले होते, आणि उरलेल्या परसात तिचे एक शेवग्याचे झाड होते. आडव्या नेसणीतली, काटक, तोंडात कायम मिश्रीचे बोट. एके सकाळी ती मला म्हणाली, “अगो पोरी, चिचंनं भांडी घासतात. गारी काय भांडं हाय?”

मी तिला जड पाण्याचे शास्त्र समजावून सांगितले. तिने ते पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, की मग त्याच पाण्याने धुतलेल्या तिच्या घागरीवर ही वर्तुळे का येत नाहीत. मी म्हटले, घागर उन्हात वाळत नाही. हे उत्तर देताना माझ्या आवाजात जी सफाई होती ती आठवली की आजही मला स्वतःची लाज वाटते. घागर रोज तिच्या ओट्यावर उन्हातच उपडी असे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुदत संपलेल्या, सामूप्रमाणे रंग बदलणाऱ्या दर्शक कागदांची एक पुस्तिका टाकून द्यायची होती, ती मी मागून घेतली. बोरिंगच्या पाण्याचा सामू घेऊन वहीत लिहावा, माझ्या सिद्धान्ताला एक आकडा जोडावा, एवढाच हेतू. साडेसात आला. अपेक्षेप्रमाणे. पुस्तिका मिटता मिटता सहज एक पट्टी बॉनेटवरच्या दवाला लावली, आणि ती नारिंगी झाली, म्हणजे चार.

पहिला विचार आला तो चिंचेचा. कालचा अंश राहिला असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी चिंच लावली नाही, गाडी दोनदा धुतली. तिसऱ्या सकाळी पुन्हा नारिंगी. मग मी काचेची एक बशी स्वच्छ धुऊन, पुसून, हिराबायच्या कौलांवर ठेवली. त्या बशीला ना चिंच माहीत होती, ना बोरिंगचे पाणी. सकाळी बशीत थोडे दव साचले होते. पट्टी टाकली. चार.

त्या क्षणाचे वर्णन मला अचूक करायचे आहे, कारण भीतीविषयी माणसे सैल बोलतात. काळजाचा ठोका वगैरे चुकला नाही. मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होते. समोर पूर्वेला डोंगराची रांग, तिच्या पायथ्याशी चिमण्यांची दुसरी रांग, आणि त्यांच्यातून निघालेला धूर वर न जाता आडवा, पांघरूण अंथरल्यासारखा रस्ता ओलांडून आमच्याकडे येत होता. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. धुराला वर चढायला वाट मिळत नाही. आणि वारा डोंगराकडून खाडीकडे वाहतो. हे मी दोनच महिन्यांपूर्वी परीक्षेत लिहिले होते, आकृतीसह. त्या आकृतीत खाली घरे काढायची नव्हती.

खाली अंगणात आई उघड्या पातेल्यात पाणी भरत होती.

गुरुवारी साडेतीन. शुक्रवारी साडेचार, कारण वारा होता. रविवारी पुन्हा साडेतीन. मी रोज सहाला उठून बशी उतरवत असे आणि पट्टीचा रंग बदलायला लागणाऱ्या त्या तीन सेकंदांत मनात एक हिशेब करत असे: आज चारच्या वर आला तर परीक्षेत पहिला वर्ग, खाली आला तर नाही. विज्ञानाची विद्यार्थिनी बशीतल्या पाण्यावर नवस बोलत होती. हे मी वहीत लिहिलेले नाही.

हिराबायला मी बशीचे सांगितले नव्हते, पण तिने ओळखले असावे. एके दिवशी ती मला परसात घेऊन गेली. शेवग्याच्या पानांवर तपकिरी ठिपके होते, जणू कोणी उदबत्ती टेकवत गेले होते. तिने विचारले, “तुज्या वयीत सोमवार कसा हाय?”

मी म्हटले, वाईट.

“आनि बुधवार?”

तोही वाईट.

“धूर खाली बसला का पानं जलतात. आमाला म्हायत हाय.” मग तिने मिश्रीचे बोट पदराला पुसले. “माजे दोनी पोरगे तिथंच हाईत. मी कोनाला सांगू?”

तिने मला चुलीतली राख दिली. पाण्यात कालवायची, रात्रभर निवळू द्यायची, वरचे पाणी घ्यायचे, गाळ फेकायचा. राख चोळायची नाही, ओरखडे पडतील. त्या निवळीचा सामू मी घेतला: दहा. आम्लावर अल्क. हिने हे कोणत्या पुस्तकात वाचले, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि त्या प्रश्नाचा उद्धटपणा मला त्याच क्षणी कळला, एवढी प्रगती माझ्यात झाली होती. राखेच्या निवळीने धुवायला लागल्यापासून नवी वर्तुळे धरेनात.

पण बॉनेट मंद झाले होते. तिरप्या उजेडात बघितले की पुढचा भाग धुरकट, सावळा, श्वास सोडलेल्या काचेसारखा दिसे. मी खोबरेलाचा हात फिरवून तो लपवत असे. डिकी मात्र तशीच चकाकत होती. डिकीवर वर्तुळे पडत नव्हती असे नाही; पण मागे पोचेपर्यंत माझे चिंचेचे पाणी संपलेले असे, म्हणून तिला मी कधी चिंच लावलीच नव्हती.

एकाच गाडीचे दोन भाग, एकाच आभाळाखाली, एकाच दवात भिजलेले. एकावर चिंच, एकावर नाही. इतका स्वच्छ प्रयोग ठरवून केला असता तरी जमला नसता. त्याचा निष्कर्ष काय ते मला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कळून चुकले होते, आणि मी तो वहीत लिहिला नाही. आभाळातून आम्ल पडत होते. त्यावर मी रोज सकाळी आणखी आम्ल ओतले, आणि तेही बरोबर त्याच जागी जिथे साहेब आपला चेहरा बघत.

त्या थंडीत मला दोन गोष्टींची भीती होती. एक घराबाहेरची, दुसरी माझ्या हातातली. आज विचार करते तेव्हा वाटते, पहिलीपेक्षा दुसरीच मोठी होती. चिमण्या सगळ्यांच्या होत्या. चिंच माझ्या एकटीची होती.

आईने गाडीवर पांघरायला आपले जुने सुती लुगडे काढून दिले. हिरवे, मऊ झालेले, दोन टोके पुढच्या आणि मागच्या बंपरला बांधायचो. तिला मी एवढेच सांगितले होते, की दव पडते, डाग पडतात. बारा दिवसांनी लुगडे धुवायला घेतले आणि दोरीवर टाकताना तिने ते उन्हासमोर धरले. त्यातून असंख्य बारीक उजेड आत आले. चाळणीसारखे झाले होते. आईने बोट घालून पाहिले. भोकाच्या कडेचा धागा पिठासारखा सुटला. मग तिने दोरीवरचे बाकीचे कपडे, ओले होते तरी, एकेक करून काढले आणि घरात नेऊन खाटेच्या कठड्यांवर वाळत घातले. त्या दिवसापासून आमचे कपडे आतच वाळू लागले. घरात सतत ओलसर सुताचा वास असे. पिण्याच्या पातेल्यांवर झाकणे आली. कोणी कोणाला कारण विचारले नाही. भीतीची घरात एक व्यवस्था लागली आणि व्यवस्था लागली की माणूस तिला सवय म्हणू लागतो.

पुढल्याच वर्षी, याच महिन्यात, भोपाळची बातमी आली. वर्तमानपत्र हातात घेऊन आई मजकुराकडे न बघता छायाचित्रातल्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघत होती. पण ते नंतरचे.

जानेवारीच्या मध्यात एका सकाळी साहेब टाय सरळ करायला वाकले, आणि सरळ न करताच उभे राहिले. हे बाबांनी संध्याकाळी सांगितले, चहा पिताना, कालचे वर्तमान सांगावे तशा आवाजात. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी बॉनेटवर तळवा फिरवला आणि विचारले, की याला काय लावता तुम्ही. बाबा म्हणाले, रिठे लावतो, साहेब. चिंचेचे बाबांना ठाऊकच नव्हते. मी धुवायचे तेव्हा ते झोपलेले असत. साहेब म्हणाले, की गाडी नवीन दिली होती. एवढेच. मग सबंध रस्ताभर ते मागे बसून फाइल वाचत राहिले. एरवी ते बाबांशी क्रिकेटचे बोलत.

“माझ्याकडून राहिलं असं म्हटलं,” बाबा मला म्हणाले. “दुसरं काय म्हननार?”

मी वही आणली. पंचेचाळीस दिवसांचे आकडे, वाऱ्याच्या दिशा, बशीची नोंद, शेवग्याची नोंद. त्यांच्यासमोर उघडून ठेवली आणि समजावून सांगितले, जितके साधे करता येईल तितके. बाबा सातवी शिकलेले. त्यांनी बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचली. मी म्हटले, “बाबा, साहेबांना सांगा. तुमच्या धुण्यात काही चूक नाही. हे आभाळातून पडतंय.”

“आनि साहेब विचारतील, कुठल्या आभाळातून,” बाबा म्हणाले. “मग काय सांगू? तुमच्याच?”

आई चुलीपाशी थांबली होती.

“यादी मार्चात लागनार, बाय. ही वही घरात ठेव. कॉलेजात पन दाखवू नको.” त्यांनी ती मिटली आणि माझ्या हातात देताना पुठ्ठ्यावरून हात फिरवला, एखाद्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. “अक्षर छान हाय तुझं.”

ती बोलण्याची वेळ होती. चिंच, तीन आठवडे, डिकीवर नाही, चार वाक्यांत झाले असते. मी म्हणू शकले असते, की बॉनेट कारखान्याने कमी आणि मी जास्त बिघडवले. साहेबांना सांगा, मुलीने चुकून केले, शिकते आहे. साहेब कदाचित हसलेही असते. मी बोलले नाही. मी स्वतःशी एक शास्त्रीय सबब तयार केली: बॉनेटखाली इंजिन असते, तिथे पत्रा तापतो, तापलेल्या पत्र्यावर आम्ल जास्त काम करते, तेव्हा डिकीशी केलेली तुलना सदोष आहे. सबब खोटी नाही. आजही कोणी विचारले तर मी तिचा बचाव करू शकेन, आणि प्रयोगशाळेतले वरिष्ठ ती मान्यही करतील. मी तिच्या आडोशाला पाच वर्षे राहिले आहे.

फेब्रुवारीत गाडीला दुसरा ड्रायव्हर आला. बाबांना कागद संपेपर्यंत गेटवर बसवले. त्या दिवसांत ते घरी लवकर येत आणि अंगणात रिकाम्या जागेकडे तोंड करून बसत, जिथे गाडी उभी असायची. जमिनीवर तेलाचा एक काळा डाग होता. हिराबाय त्यांना चेष्टेने ‘डायवर’ म्हणायची, ती ‘भाऊ’ म्हणू लागली. ते मला जास्त टोचले. बशी मी अजून ठेवत होते. थंडी उतरत चालली होती, आकडे चढत होते: साडेचार, पाच, सव्वापाच. बाहेरची भीती कमी होत होती आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता.

मग यादी लागली, सगळे म्हणत होते त्यापेक्षा थोडी आधी, आणि बाबांचे नाव तिच्यात होते.

ते घरी आले ते जवळजवळ धावत. साहेबांनीच नाव घातले होते. गाडी नाही जमत तर माणूस काही वाईट नाही, असे ते म्हणाले म्हणे. प्लांटला भरवशाचा माणूस हवाच होता. कायम. बाबांनी हा शब्द दारातूनच उच्चारला आणि मग खाटेवर बसून पुन्हा एकदा हळू आवाजात. आईने डोळे पुसले. बाबा मला म्हणाले, फॉर्म आण आता एम.एस्सी.चा, काय ती सही लागते ती करतो.

मी विचारले, कोणत्या प्लांटला.

त्यांनी सांगितले. गंधकाम्लाचा.

पहिल्या तारखेला त्यांना दोन खाकी शर्ट, दोन पँटी, बूट, साबणाच्या वड्या आणि कागदात बांधलेला गूळ मिळाला. दर महिन्याला मिळणार होता. आईला त्या गुळाचे फार कौतुक वाटले. पिवळाधमक, खडा फुटताना टणक आवाज करणारा. तिने लगेच एक तुकडा हिराबायला नेऊन दिला. हिराबायने तो हातात घेतला, माझ्याकडे बघितले आणि तोंडात न टाकता पदराच्या टोकाला बांधला. तिच्या घरात असा गूळ दोन मुलांचा येत होता. कारखाने गूळ कोणत्या खात्यातल्या कामगारांना देतात आणि का देतात, हे आम्हा दोघींना ठाऊक होते: घशातले, छातीतले गुळाने खाली उतरते, अशी समजूत. आई त्या रात्री गुळाच्या पोळ्या करणार होती. मी पीठ मळून दिले.

आज माझ्या हाताशी अशी यंत्रे आहेत जी सामू दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत सांगतात. एम.एस्सी. त्याच पगारावर झाली. हवेतल्या आम्लाच्या कणांवर माझे काम चालू आहे, अहवाल जातात, त्यांना उत्तरेही येतात. मार्गदर्शक म्हणतात, तुमची निरीक्षणे निर्दय असतात. ते कौतुकाने म्हणतात. बाबा रोज सकाळी मोरीत तोंड धुताना खोकतात. पहिल्या वर्षी मिनिटभर चालायचे, आता किती वेळ चालते ते मला माहीत नाही. मी नळ मोठा सोडते. माणूस आपल्याला घाबरवणाऱ्या गोष्टी मोजतो, हे मला त्या थंडीने शिकवले. कुठे मोजायचे थांबतो, हेही तिनेच.

प्लांटमधला त्यांचा पहिला दिवस शुक्रवार होता. संध्याकाळी आले ते थकलेले, पण खुशीत. नव्या बुटांनी पाय चावले होते, त्याचीच तक्रार. आईने पाणी तापवले. त्यांनी शर्ट काढून दोरीवर टाकला. नवाच होता, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती. मी तो धुवायला घेते म्हटले. बाबा म्हणाले, एकाच दिवसाचा तर आहे, राहू दे. मी ऐकले नाही. मोरीत घमेल्यात अगदी थोडे पाणी घेतले, डावी बाही त्यात बुडवून पिळली, दार लोटून घेतले. पुस्तिकेत तीनच पट्ट्या उरल्या होत्या. एक फाडली. बाहेर बाबा आईला सांगत होते, की तिथली माणसे चांगली आहेत, आल्या आल्या चहा दिला.

पट्टी नारिंगीवर थांबली नाही.

हात पुसून मी वही काढली आणि उभ्यानेच लिहिले.

शुक्रवार, २ मार्च १९८४. सायंकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटे. बाबांचा शर्ट, डावी बाही: सामू दोन.